बोटीची गोळी, एस्टीची गोळी

"हंय कोण निर्मला-बिर्मला रवना नाय!"

माझ्या सासूबाईंनी शाळेच्या शिपायाला हे दारातूनच ठणकावून सांगितलं, तेव्हा मी माजघरात तांदूळ निवडत बसले होते. निर्मला म्हणजे मीच. माझ्या नेमणुकीचा कागद घेऊन तो आला होता. त्या कागदाची मी किती दिवस वाट बघत होते, आणि तो बिचारा छत्री उघडून परत निघाला होता! मी सूप तिथंच टाकलं आणि धावत जाऊन त्याला माडाखाली गाठलं. कागद घेऊन परत आले तर आई, म्हणजे सासूबाई, कमरेवर हात ठेवून ओसरीवर उभ्या.

"तू सुहासिनी," त्या म्हणाल्या. "निर्मला तुज्या बापाशीच्या घराक. ती थंयच रवली."

माझं माहेर सावंतवाडीचं. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, ते आईंनीच निवडलेलं होतं. सुहासिनी म्हणजे गोड हसणारी. मला ओळखणारी माणसं या नावावर अजून हसतात. फायनलच्या परीक्षेचा दाखला मात्र निर्मला नावाचा होता, त्यामुळे शाळेत मी निर्मलाबाई आणि घरी सुहास. आईंना हे मुळीच पसंत नव्हतं. मी नोकरी करावी हे त्यांना मान्य होतं, किंबहुना "घरात बसान भितींका शिकवतलंस काय?" असं म्हणून त्यांनीच मला अर्ज करायला लावला होता. त्यांचा राग फक्त त्या नावावर होता. एका बाईला दोन नावं म्हणजे एका म्यानात दोन तलवारी, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं.

गावात त्यांना परबीण म्हणत. उंच, हाडापेरानं रुंद, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की मालवणच्या बंदरावर उतरलेल्या माणसाला आमच्या घरी काय शिजलंय ते कळावं. त्यांचं नाव सत्यभामा. तेही अर्थात सासरचंच. माहेरी मसुऱ्याला काय म्हणत, असं मी नवी असताना एकदा विचारलं होतं. नारळ खवता खवता त्या म्हणाल्या, "ती मेली." मी इतकी दचकले की पुढे काही विचारलंच नाही.

नाव बदललं की माणूस बदलतं, यावर त्यांची जी श्रद्धा होती, ती तुम्ही-आम्ही देवावरही ठेवत नाही. पुरावाही होता. घरात एक म्हैस आणली होती, तिचं नाव रंभा. ती रंभा नुसती लाथा मारायची. एके सकाळी आईंनी तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, "आजपासून तू गंगा" असं तिच्या कानात सांगितलं आणि तिला गुळाचा खडा भरवला. चार दिवसांनी म्हैस दूध देऊ लागली. माझे यजमान म्हणायचे, रोज गूळ मिळाला तर मीपण लाथा मारायचा थांबेन. पण आईंपुढे कोण बोलणार? "नाव बदललां, गुण बदललो," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या.

गूळ हा त्यांचा जीव की प्राण. आंगणेवाडीच्या जत्रेहून त्या माहेरच्या वाटेनं परत यायच्या, त्या ओटीत खाजं घेऊनच. गुळात घोळलेल्या त्या कांड्या जत्रा सरली तरी पंधरा-पंधरा दिवस त्यांच्या उशाशी असायच्या. आणि एका वर्षी परसातल्या मोरीपाशी मुंग्यांची रांगच्या रांग लागली. आई सारख्या तांब्याभर तांब्याभर पाणी प्यायला लागल्या, तगड्याच्या तगड्या बाईचे खांदे उतरले, आणि पायाच्या अंगठ्याला लागलेली ठेच काही केल्या भरेना.

मालवणातल्या डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात आईंची लघवी थेंब थेंब घातली आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. पाणी विटेसारखं तांबडं झालं. "काकी, तुम्हाला मधुमेह आहे," ते म्हणाले. "हा अंगठा असाच चिघळला तर पाय गमवाल. नुसता पाय गेला तरी नशीब म्हणायचं, कधी कधी माणूसच जातं." आईंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतला. त्यांची थोरली बहीण अशीच पायाच्या जखमेनं गेली होती, हे मला घरी आल्यावर कळलं. त्या रात्री त्यांनी उशाखालचं खाजं काढून माझ्या हातात दिलं. "शाळेतल्या पोरांका दी," म्हणाल्या. त्यांचे डोळे भरलेले होते. खाज्यासाठी की बहिणीसाठी, ते मी विचारलं नाही.

डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी परदेशी कंपनीची होती आणि ती मालवणात मिळत नसे. माझे यजमान मुंबईला गोदीत कारकून होते. ते ती विकत घेत आणि आगबोटीनं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती देत. म्हणून आई तिला "बोटीची गोळी" म्हणत. तिचं खरं नाव चांगलं छापलेलं होतं, पण त्यांच्या जिभेला ते वळत नव्हतं. गोळ्या देवघरात पितळी डब्यात असत. सकाळी आंघोळ, मग देव, मग गोळी. अंगठा हळूहळू भरला. नळीतलं पाणीही निळं राहायला लागलं. आई दर पंधरवड्याला खोबरेल तेलाच्या रिकाम्या बाटलीत लघवी भरून, बाटली पदराखाली झाकून दवाखान्यात जायच्या आणि परत येताना फाटकातूनच ओरडायच्या, "निळां इलां गो, निळां!" बंदरावरच्या लोकांनाही ते कळायचं.

पावसाळ्यात आगबोटी बंद होत, म्हणून यजमान मे महिन्यातच चार महिन्यांची बेगमी आणून ठेवत. त्या वर्षी मात्र ते आले ते मान खाली घालून. बाहेरून माल येणं अडलं होतं, मुंबईतली दुकानं पालथी घातली तरी गोळी मिळाली नव्हती. जेमतेम आषाढापर्यंत पुरतील एवढ्याच हाती लागल्या होत्या. आईंनी डबा हलवून बघितला. आवाजावरूनच त्यांना कळलं.

आषाढात डबा रिकामा झाला. आईंची तहान परत सुरू झाली. अंगठ्यावरची जुनी खूण लालसर दिसायला लागली, तशी मी त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर खुशीत होते. "काकी, काळजी सोडा. हेच औषध आता आपल्या मुंबईतली एक कंपनी करते. कालच एस्टीनं आलं. स्वस्तही आहे."

आईंनी गोळी उलटीपालटी करून बघितली. "ही ती न्हय."

"तीच आहे."

"हेच्यार नाव येगळां आसा."

"नाव वेगळं, औषध एकच."

"आणि स्वस्त कित्याक? गावठी काय?"

डॉक्टर हुशार होते. बायकांना समजेल असं बोलायची त्यांना हौस होती. ते खुर्चीत पुढे सरकले. "असं बघा काकी. प्रत्येक औषधाला दोन नावं असतात. एक जन्माचं, ते माहेरचं समजा. ते जगभर एकच. मग ज्या कंपनीच्या घरी ते जातं, ती कंपनी त्याला आपलं नाव देते. ते सासरचं. तुमची बोटीची गोळी एका घरी दिली, ही दुसऱ्या घरी दिली. माहेर एकच! नाव बदललं म्हणून मुलगी बदलते का?"

झालं! मी मनात म्हटलं, आता संपलं सगळं.

"बदालता तर!" आई उसळल्या. "बदलूकच व्हयी. सासरी इल्यार माहेरचां नाव जाता, माहेरची रीत जाता, चेडू गेलां, सून इली. ती तीच रवली तर नाव कित्याक बदलूचां? तुमीच सांगतास मा, हिका दुसऱ्या घराक दिली म्हणान? मग ही दुसरीच."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीबाहेरचा पाऊस बघत राहिले. दोन नावांच्या बाबतीत मी त्या घरात आधीच हरलेली होते, त्यांना काय मदत करणार!

शेवटी नळीनं सोडवलं. डॉक्टर म्हणाले, "नळीला वाचता येत नाही, काकी. पंधरा दिवस घ्या, मग नळी काय म्हणते ते बघू." अंगठ्याच्या भीतीनं आई कबूल झाल्या. त्यांनी घरी येऊन "एस्टीची गोळी" वेगळ्या डब्यात ठेवली, तीही देवघरात नाही, फडताळात. पंधरा दिवसांनी पाणी निळं आलं. आई "निळां इलां" असं ओरडल्या, पण नेहमीपेक्षा हळू. "हीपण बरी आसा," एवढं त्यांनी कबूल केलं. त्या "पण" शब्दातच सगळं होतं, हे नंतर कळलं.

श्रावणात यजमानांना कुठून तरी बोटीच्या गोळीची एक बाटली मिळाली. बोटी बंदच होत्या, तेव्हा त्यांनी ती गावी येणाऱ्या एका शेजाऱ्याबरोबर एस्टीनं पाठवली. मी चेष्टेनं म्हटलं, "आई, आता ही पण एस्टीचीच झाली की!" त्या म्हणाल्या, "वाट बदल्ली म्हणान गोळी बदालता काय? तुका पोरांका शिकवक कोणी घेतल्यान?" आणि बाटली कपाळाला लावून त्यांनी ती देवघरात ठेवली. मी समजले, आता एस्टीची बंद आणि बोटीची सुरू. कुणीही हेच समजलं असतं.

त्यानंतर आला श्रावणी सोमवार. श्रावणातल्या सोमवारी शाळा अर्धी, म्हणून मी दुपारीच घरी आले. डॉक्टरांनी उपास करायला सक्त मनाई केली होती, तरी आईंनी सकाळपासून पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. हाक मारली तर ओ नाही. स्वयंपाकघरात गेले तर त्या जमिनीवर, भिंतीला टेकलेल्या, घामानं लुगडं चिंब, हात थरथरत होते, डोळे उघडे होते पण त्यांत ओळख नव्हती.

मी शेजारच्या सावंतकाकांना हाक मारली, ते सायकल घेऊन डॉक्टरांकडे धावले. घाम आणि थरथर सुरू झाली तर आधी साखर द्या, असं डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं. मी गुळाचं पाणी केलं आणि वाटी त्यांच्या ओठांना लावली. त्यांनी दात घट्ट मिटले.

"आई, तोंड उघडा."

"आवस खंय आसा?" त्या लहान पोरीच्या आवाजात, आपल्या आईला शोधत म्हणाल्या. "माका मसुऱ्याक जावचां आसा."

"आई, अहो, मी सुहास."

"तू कोण गो? माजो उपास आसा." आणि तोंड भिंतीकडे वळवलं. मी "आई, आई" म्हणून ओरडत होते, "परबीणकाकी" म्हणून सावंतकाकू ओरडत होत्या, आणि ही बाई आमच्या डोळ्यांदेखत विझत चालली होती. मला रडू फुटलं. मी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "मग तू कोण? तुझं नाव काय, सांग मला!"

"चंद्रा," त्या म्हणाल्या.

मेली म्हणून सांगितलेली ती हीच.

"चंद्रा," मी म्हटलं, "गो चंद्रा, जत्रेतलां खाजां आणलंय तुका. आ कर बघू."

तिनं तोंड उघडलं. अगदी शहाण्या मुलीसारखं. मी घोट घोट गुळाचं पाणी पाजत गेले, चंद्रा म्हणत गेले, आणि ती पीत गेली. डॉक्टर येऊन शिरेतून साखरेचं इंजेक्शन देईपर्यंत डोळ्यांत थोडी ओळख आली होती. मग आईंना दवाखान्यात हलवलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिथंच ठेवलं, कारण गोळीचा अंमल उतरेपर्यंत साखर पुन्हा खाली जाण्याची भीती होती.

आई पुऱ्या शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "काकी, काल सकाळी काय घेतलं होतं?"

"दोनव गोळये. बोटीची आणि एस्टीची."

"दोन्ही? का?"

आईंना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "एक झिलान धाडलेली, एक तुमी दिलेली. कोणाचां मन मोडूचां? आणि दोन नावां म्हणजे दोन वखदां. दोनव बरी. मग एक सोडूची कित्याक?"

डॉक्टर डोक्याला हात लावून बसले. मला मात्र एकदम राग आला. इतका की, जे कधी बोलले नव्हते ते बोलून गेले. "आई, काल मी 'सत्यभामा' म्हटलं असतं तर तुम्ही मेला असता. 'आई' म्हटलं, 'काकी' म्हटलं, तुम्ही तोंड उघडलं नाहीत. मी 'चंद्रा' म्हटलं तेव्हा उघडलंत. आणि ते पाणी प्यायलं कोण? चंद्रा प्यायली आणि सत्यभामा वाचली. आता सांगा, त्या दोघी की एक?"

खोलीतल्या बाकीच्या माणसांनी माना वळवल्या. सुनेनं सासूचं नाव घेतलं होतं, तेही दोन्ही नावं, चारचौघांत.

आईंनी आढ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे चंद्रा मेली नाय हा." असं, जणू कुणीतरी बोटीनं सुखरूप परत आल्याची बातमी मिळावी. मग त्यांनी उशावर मान वळवली. "डॉक्टर, एकच काय ती गोळी?"

"एकच, काकी. एकच घ्यायची. कुठलीही. नावाकडे बघायचं नाही, माहेर विचारायचं."

त्यानंतर आई खरंच माहेर विचारू लागल्या. दवाखान्यात नवी गोळी आली की आधी म्हणायच्या, "हेचां माहेर खंय?" डॉक्टर बाटलीच्या चिठ्ठीवरचं बारीक अक्षरातलं जन्मनाव वाचून दाखवत आणि त्या मान डोलवत. नंतर बोटीची गोळी परत सुरळीत मिळू लागली, तरी त्यांनी एस्टीचीच घेतली. "एकाच आवशीची चेडवां, मग जवळची बरी," असं म्हणून. दवाखान्यात नवं औषध बघून बिचकणाऱ्या बायकांनाही त्या हेच सांगायच्या, आणि शेवटी दटावायच्या, "पण दोनव घेव नको हां! मी घेतलेली."

मला मात्र त्या सुहासच म्हणत राहिल्या. जिभेचं वळण असतं. पण एकदा शाळेचा तोच शिपाई परत आला आणि फाटकातूनच घाबरत घाबरत त्यानं विचारलं, "निर्मलाबाई..." तर आतून आवाज आला, "आसा, आसा! भितर ये. थंय सुहासिनी मेळतली, तिकाच सांग." मी माजघरात हसत होते. नावाप्रमाणे गोड, असं म्हणायला हरकत नाही.

आई त्या अंगठ्यानं गेल्या नाहीत. दोन्ही पाय शाबूत ठेवून, म्हातारपणानं, पावसाळा संपताना गेल्या. शेवटच्या दुपारी मी त्यांच्या पायथ्याशी उभी होते. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "निर्मला, पाणी दी गो."

मी मागे वळून बघितलं. त्या घरात मला त्या नावानं कुणी कधी हाक मारली नव्हती, म्हणून वाटलं, दारात कुणी आलं असेल. मागे कुणी नव्हतं. मग मी पाणी दिलं.

दहाव्याला भटजींनी विचारलं, "मातुःश्रींचं नाव?" यजमान म्हणाले, "सत्यभामा." मी मागे बायकांत बसले होते, तिथूनच म्हटलं, "चंद्रा पण म्हणा."

भटजी वैतागले. "सासरचंच नाव घेतात, बाई. दोन नावं कशाला? दोन बायका होत्या का?"

"बाई एकच," मी म्हटलं. "पण नुसतं सत्यभामा म्हटलंत तर ती तोंड उघडायची नाही. मी हाक मारून बघितली आहे."